खाणीचा गाळ आणि शेतातले न दिसणारे कामकरी



खाणीजवळच्या गावांची चर्चा निघाली की बोलणे धुळीवरच येऊन थांबते. झाडांची पाने लाल, कौले लाल, दोरीवर वाळत घातलेले कपडे लाल. दिवसातून तीनदा ओटा पुसणाऱ्या आया-बहिणींना या धुळीबद्दल कोणी वेगळे सांगायला नको. विहिरी आटल्या, रस्ते उखडले, मुलांना खोकला झाला, हेही वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. पण खाणीच्या पायथ्याशी असलेल्या भातशेतीत आणखी एक नुकसान होते. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा पंचनामा होत नाही आणि त्याची भरपाई कोणी मागत नाही. हे नुकसान आहे मातीतल्या जिवाणूंचे. या लेखात आम्ही त्याविषयीच बोलणार आहोत. उदाहरण घेतले आहे ते आपल्या शेजारच्या गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींचे.

चिमूटभर मातीतली वस्ती

'जिवाणू' हा शब्द ऐकला की आपल्याला आजार आठवतो. टायफॉईड, कॉलरा, क्षय. पण आजार पसरवणारे जिवाणू एकंदर जिवाणूंमध्ये फार थोडे. चांगल्या शेतातली एक ग्रॅम माती, म्हणजे चहाच्या चमच्याच्या टोकावर मावेल इतकी, घेतली तर तिच्यात कोट्यवधी जिवाणू असतात आणि त्यांच्या हजारो जाती असतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो सुगंध येतो, त्यात मोठा वाटा 'जिओस्मिन' नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते द्रव्य स्ट्रेप्टोमायसिस नावाचे मातीतले जिवाणू तयार करतात. याच कुळातल्या एका जिवाणूपासून १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध मिळाले. म्हणजे ज्या मातीवरून आपण चालतो, तिथूनच लाखो रोग्यांची शिफा आली.

शेतात हे जिवाणू काय करतात? पालापाचोळा, शेण, मेलेली मुळे कुजवून त्यातले अन्न पिकाला घेता येईल अशा रूपात आणतात. मातीत अडकून बसलेले स्फुरद मोकळे करतात. मातीचे कण एकमेकांना चिकटवून तिचे भुसभुशीत दाणे बनवतात, म्हणून पाणी मुरते आणि मुळांना हवा मिळते. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे हवेतले नत्र जमिनीत आणणे. आपल्या भोवतीच्या हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण भाताचे किंवा चवळीचे रोप ते थेट घेऊ शकत नाही. हे काम काही जिवाणूच करू शकतात. युरियाच्या पोत्यात जे विकत मिळते, ते जिवाणू शेतकऱ्याला फुकट देतात.

चवळी, मूग, कुळीथ यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत रायझोबियम गटाचे जिवाणू राहतात. रोप त्यांना साखर देते, ते रोपाला नत्र देतात. हॉलंडचे शास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक यांनी १८८८ मध्ये हे जिवाणू गाठींतून वेगळे काढून दाखवले. भाताच्या खाचरात हेच काम पाण्यावर तरंगणारे हिरवे-निळे सूक्ष्मजीव करतात. शेतकरी त्यांना शेवाळ म्हणतात, पण तेही जिवाणूंच्याच कुळातले. भाताच्या शेतात वर्षानुवर्षे फारसे खत न घालताही पीक कसे येत राहते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना पी. के. डे यांनी १९३९ मध्ये या शेवाळाचे महत्त्व जगापुढे मांडले. आपल्या आजोबा-पणजोबांनी युरिया न पाहता भात पिकवला, त्यामागे त्यांची मेहनत होती आणि ही अदृश्य मदतही होती.

डोंगर फोडला की त्याची माती कुठे जाते?

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी मुख्यतः डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांत आहेत. या खाणी उघड्या असतात. आधी डोंगराचा माथा काढायचा, मग खाली खाली उतरत जायचे, अगदी भूजलाच्या पातळीच्याही खाली. एक टन खनिज मिळवायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला काढावे लागतात. चीनकडून मागणी जोरात होती त्या काळात, म्हणजे २०१०-११ च्या सुमारास, गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास लोहखनिज बाहेर जात होते. त्यासाठी किती माती बाजूला काढावी लागली असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. ती माती कुठेही गेली नाही. तिचे ढिगारे खाणींच्या शेजारीच उभे राहिले. स्थानिक लोक त्यांना 'डंप' म्हणतात.

आता या भूगोलात पावसाची भर घाला. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डोंगराच्या पायथ्याशी ओढे, ओढ्यांच्या काठी भातशेती, ही इथली पूर्वापार रचना. डोंगरावरून येणारे पाणी पालापाचोळ्याचा कस घेऊन उतरायचे आणि शेताला पोसायचे. त्याच वाटेने आता ढिगाऱ्यांची बारीक लाल माती उतरते. शेतात पाणी थांबले की गाळ तळाशी बसतो. एका पावसाळ्यात बोटभर, कधी वीतभर. पाणी आटले की त्याची सिमेंटसारखी कडक पापडी होते.

या बाजूला फिरताना आम्ही दोन शेतांतली ढेकळे हातात घेऊन पाहिली. खाणीपासून दूरच्या शेतातले ढेकूळ काळपट होते, बोटांनी दाबले की सुटायचे, आत गांडुळाची वाट आणि मुळांचे बारीक धागे. गाळ बसलेल्या शेतातले ढेकूळ विटेसारखे लाल. ते फुटायचे ते पत्र्यासारख्या थरांत. त्यात मूळ नव्हते आणि वासही नव्हता. एका वयस्कर काकांनी सांगितले की पूर्वी या तुकड्यात भात काढल्यावर ओलीवर अळसांदे व्हायचे, आता पेरले तर उगवतात, पण हातभर वाढून पिवळे पडतात. खत वाढवून पाहिले, फरक पडला नाही. काकांचे निरीक्षण अचूक होते. त्यामागचे कारण मात्र मातीच्या आत आहे.

गाळाखाली जिवाणूंचे काय होते?

पहिली गोष्ट, त्यांचा श्वास कोंडतो. खाणीचा गाळ फार बारीक असतो. तो मातीची छिद्रे बुजवतो. कुजवण्याचे आणि नत्राचे रूपांतर करण्याचे काम करणाऱ्या पुष्कळ जिवाणूंना हवा लागते. ती मिळाली नाही की त्यांची संख्या घटते आणि शेतात घातलेले शेणखतही नीट कुजत नाही.

दुसरी गोष्ट, त्यांचे अन्न संपते. शेतातल्या वरच्या थरात शेण, मुळे, पाने कुजून झालेला सेंद्रिय भाग असतो. तेच जिवाणूंचे अन्न. डोंगराच्या पोटातून निघालेल्या मातीत हा भाग जवळजवळ नसतोच, कारण तिथे कधी काही उगवलेलेच नाही. असा गाळ शेतावर पसरला की जिवंत माती खाली गाडली जाते आणि वर उपाशी माती येते. वीतभर सुपीक माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. तिच्यावर गाळ बसायला एक पावसाळा पुरतो.

तिसरी गोष्ट, उजेड अडतो. खाचरातल्या शेवाळाला नत्र बांधण्यासाठी सूर्यप्रकाश हवा. पाणी चहासारखे लाल आणि गढूळ राहिले तर उजेड तळापर्यंत पोचत नाही. फुकटचा नत्रपुरवठा तिथेच मंदावतो.

चौथी गोष्ट लोखंडाची, आणि ती जरा नीट समजून घेण्यासारखी आहे. कोरड्या मातीत लोखंड गंजाच्या रूपात असते, म्हणजे आपल्या घरच्या जुन्या खिळ्यावर असते तसे. या रूपात ते पाण्यात विरघळत नाही आणि रोपाला त्रास देत नाही. पण खाचरात पाणी साचले आणि मातीतली हवा संपली की काही जिवाणू हवेऐवजी या गंजाचाच उपयोग श्वासासारखा करतात. त्यातून गंजाचे लोखंड विरघळणाऱ्या रूपात येते आणि मुळांवाटे रोपात शिरते. थोडे असेल तर चालते, रोपाला लोखंड लागतेच. पण शेतात आधीच लाल जांभ्याची आंबट माती, वर लोखंडाने भरलेला गाळ, अशी गाठ पडली की ते अति होते. भाताच्या खालच्या पानांवर टोकाकडून तांबूस ठिपके येतात, मुळांवर गंजाचे जाड कवच चढते, फुटवे कमी येतात. शिवाय मोकळे स्फुरद या लोखंडाला चिकटून बसते, म्हणून खताच्या दुकानातून आणलेले स्फुरदही पिकाला पुरेसे मिळत नाही. काकांनी खत वाढवूनही फरक का पडला नाही, त्याचे एक कारण हे असू शकते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या प्रकारात जिवाणू मेलेले नाहीत, उलट एका प्रकारचे जिवाणू जोरात काम करत आहेत. बिघडले आहे ते त्यांचे आपसांतले प्रमाण. शंभर कामे करणारी वस्ती उठून जाते आणि एक-दोन कामे करणारीच मागे उरते. बाजारपेठेतली सगळी दुकाने बंद पडून फक्त भंगाराचे दुकान चालू राहावे, तसे हे आहे.

धातू जात नाहीत

लोखंड आणि मँगनीज यांखेरीज काही खाणींतून कॅडमियम, शिसे, जस्त, तांबे असे धातूही बाहेर पडतात. जिवाणूंच्या बाबतीत या धातूंचा परिणाम किती काळ टिकतो, याचा एक जुना धडा इंग्लंडमधला आहे. तिथे वोबर्न येथील प्रयोगशेतात १९४२ ते १९६१ या काळात खत म्हणून शहराच्या सांडपाण्याचा गाळ टाकला गेला. ही काही खाण नव्हती, पण त्या गाळात हेच धातू होते. गाळ टाकणे बंद झाल्यावर वीसहून अधिक वर्षांनी शास्त्रज्ञांनी तिथे पांढरे क्लोव्हर हे द्विदल पीक घेऊन पाहिले. रोपांच्या मुळांवर गाठी होत्या, पण त्या कामाच्या नव्हत्या. धातू सहन करू शकणारा रायझोबियमचा जो वाण तिथे उरला होता, तो नत्र बांधतच नव्हता. रोपाची साखर खात होता आणि बदल्यात काही देत नव्हता. वरून पाहणाऱ्याला शेत हिरवे दिसले असते आणि गाठीही दिसल्या असत्या. बिघाड कळला तो तपासल्यावरच.

जपानमधला दुसरा धडा आणखी दुःखद आहे. तोयामा भागात कामिओका खाणीतले कॅडमियम जिंझू नदीत आणि तिथून भातशेतीत गेले. भात हे धातू सहज उचलतो. तो भात वर्षानुवर्षे खाऊन, विशेषतः वयस्कर स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली की नुसत्या खोकल्याने मोडत. तिथल्या भाषेत या आजाराला 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', असे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. त्यानंतर दूषित शेतांची माती बदलण्याचे काम तीस वर्षांहून अधिक काळ चालले आणि २०१२ मध्ये पुरे झाले.

यावरून गोव्याच्या तांदळाला घाबरण्याचे कारण नाही. लोहखनिजाची खाण आणि जस्त-शिशाची खाण यांत फरक आहे. लोखंड अति झाले तर त्याचा मोठा भाग भाताच्या मुळांवर आणि पानांत अडकतो. तिथे नुकसान होते ते पिकाचे आणि जमिनीचे. पण आपल्या गावाजवळ कोणत्या धातूची खाण आहे, तिच्या पाण्यातून काय काय येते, हे गावाला माहीत असलेच पाहिजे.

विदर्भातल्या वाचकांसाठीही दोन शब्द. चंद्रपूर आणि वणी भागातल्या कोळशाच्या खाणींचे गणित वेगळे आहे. कोळशाच्या थरात काही ठिकाणी गंधक आणि लोखंड यांचे संयुग असते. ते उघडे पडून हवा-पाणी लागले की काही खास जिवाणू त्यापासून आम्ल तयार करतात. असे आंबट पाणी शेतात शिरले तर तिथल्या उपयोगी जिवाणूंना ते मानवत नाही. काळ्या कसदार जमिनीत चुनखडी असेल तर ती काही प्रमाणात हे आम्ल मारते. म्हणून एका गावचा उपाय दुसऱ्या गावाला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. आधी तपासणी, मग उपाय.

खाण थांबली तरी

गोव्यातल्या खाणींचा गेल्या दहा-पंधरा वर्षांचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. २०१२ मध्ये न्या. शाह आयोगाचा अहवाल आला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेने परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. नंतर लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा खाणकाम सुरू झाले.

या चढउतारांत अनेक घरांचे हाल झाले. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. बार्जवरचे खलाशी, गॅरेजवाले, टायरवाले, चहाच्या टपऱ्या चालवणारे, सगळ्यांची रोजी-रोटी बसली. डिचोली, साखळी, वाळपई या गावांत आपलीही वस्ती आहे आणि हे दुःख आम्हांला परके नाही. एकाच घरात एक भाऊ ट्रक चालवतो आणि दुसरा भात लावतो, अशी परिस्थिती असताना खाण हवी की नको या वादात कोणाची बाजू घ्यायची, हे बाहेरच्या माणसाने सांगणे सोपे नाही.

पण या वादात एक गोष्ट विसरली जाते. २०१८ मध्ये यंत्रे थांबली, पाऊस थांबला नाही. ढिगारे जागच्या जागी राहिले आणि पावसाळ्यात त्यांची माती खाली उतरतच राहिली. म्हणून शेताचा प्रश्न खाण चालू असण्याशी जितका जोडलेला आहे, तितकाच ढिगाऱ्यांच्या बंदोबस्ताशी आहे. आणि नुकसानभरपाईचे म्हणाल तर ती मिळते तेव्हा बहुधा एका हंगामाच्या पिकाची मिळते. पीक पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. जमिनीतली वस्ती उठली तर ती पुन्हा बसायला कित्येक वर्षे लागतात. त्या वर्षांची भरपाई कोणत्याच कागदावर नसते.

याला कागदच कारणीभूत आहे. केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून सुरू आहे. त्या पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. या सगळ्या उपयोगाच्या आहेत. पण मातीत जीव किती आहे, हे सांगणारा रकाना त्यांत नाही. जवळात जवळचा निदर्शक म्हणजे सेंद्रिय कर्ब. पत्रिका हातात आली की आपण नत्र-स्फुरद-पालाश वाचतो आणि ती कपाटात ठेवतो. खाणीजवळच्या शेतकऱ्याने आधी सेंद्रिय कर्ब, सामू, लोह आणि मँगनीज हे चार आकडे पाहावेत आणि दर दोन-तीन वर्षांनी ते ताडून पाहावेत.

घरच्या घरी करता येतील अशा दोन तपासण्या

जिवाणू दिसत नसले तरी त्यांचे काम दिसते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मुलांना सोबत घेऊन या दोन गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली, गाठींची. चवळी किंवा अळसांद्याचे रोप फुलावर येण्याच्या सुमारास मुळासकट अलगद उकरून काढावे, ओढू नये. मुळे पाण्यात हलवून धुवावीत. गाठी मोजाव्यात आणि दोन-चार गाठी नखाने किंवा ब्लेडने कापाव्यात. आतून गुलाबी किंवा लालसर दिसल्या तर जिवाणू काम करत आहेत. पांढऱ्या, हिरवट किंवा पोकळ असतील तर नाहीत. गाठीच नसतील तर त्या जमिनीत योग्य जिवाणू पुरेसे नाहीत असे समजावे.

दुसरी, कापडाची. जुन्या शुद्ध सुती कापडाचे सारख्या आकाराचे तुकडे घ्यावेत. एक गाळ आलेल्या शेतात, एक चांगल्या शेतात किंवा परसात, वीतभर खोल पुरून खूण करावी. दोन महिन्यांनी काढून पाहावे. सजीव मातीत कापड विरून जाळीसारखे होते. निर्जीव मातीत ते बऱ्यापैकी शाबूत निघते. दोन्ही ठिकाणी ओल सारखी हवी, एवढी काळजी घ्यावी. ही काही शास्त्रीय मोजणी नव्हे, पण दोन शेतांतला फरक डोळ्यांना दिसतो आणि ग्रामसभेत दाखवताही येतो.

वस्ती पुन्हा बसवता येते

निराश होण्याचे कारण नाही. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यावर झाडे वाढवून दाखवली आहेत. तिथे त्यांनी नुसती रोपे लावली नाहीत. खड्ड्यांत साखर कारखान्याची मळी घातली आणि रोपांच्या मुळांना रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर आणि मुळांशी मैत्री करणारी बुरशी दिली. म्हणजे आधी अन्न, मग वस्ती, मग झाड. ढिगाऱ्यावर हे जमू शकते तर शेतात नक्कीच जमू शकते.

गाळ आलेल्या शेतासाठी करण्यासारख्या गोष्टी अशा:

गाळाचा थर जाड असेल तर तो वाळल्यावर नांगरणीच्या आधी काढून टाकावा. एकदा नांगरून मिसळला की काढता येत नाही. थर पातळ असेल तर भरपूर कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घालून मिसळावा.

ताग किंवा धैंचा पेरून फुलावर येण्याआधी गाडावा. बांधावर गिरिपुष्प लावावे आणि त्याचा पाला खाचरात घालावा. जिवाणूंना अन्न देण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

माती आंबट असेल तर तपासणीच्या अहवालाप्रमाणेच चुना घालावा, अंदाजाने नाही.

भाताच्या पानांवर तांबूस ठिपके दिसू लागले तर काही दिवस पाणी काढून शेताला हवा द्यावी. हवा मिळाली की विरघळलेले लोखंड पुन्हा गंजाच्या रूपात जाते आणि निरुपद्रवी होते. अर्थात वरून येणारे पाणीच गढूळ असेल तर ते आधी वळवले पाहिजे.

भातानंतर जमीन पडीक न ठेवता चवळी, अळसांदे, मूग, कुळीथ यांपैकी काही घ्यावे. बियाण्याला रायझोबियमचे जिवाणू खत चोळावे. साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट पुरते. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने लावावे, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. त्या पिकासाठी असलेलेच पाकीट घ्यावे, मुदत पाहून घ्यावे, आणि बुरशीनाशकात मिसळू नये. भातासाठी ॲझोस्पिरिलम मिळते. कृषी विभागाच्या विभागीय कार्यालयात किंवा जुन्या गोव्याजवळ एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत याबाबत सल्ला मिळू शकतो.

हे सगळे एका वर्षात फळ देणार नाही. तीन-चार हंगाम चिकाटी धरावी लागेल. आणि वरून दर पावसाळ्यात नवा गाळ येत राहिला तर ही मेहनत वाहून जाईल. म्हणून शेवटचे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही, ते गावाचे आहे.

गावाने काय मागावे

खाणकायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज निधी स्थापन करण्याची तरतूद झाली. खाणवाल्यांनी भरलेला हा पैसा खाणीची झळ बसलेल्या लोकांसाठी आणि परिसरासाठीच आहे. गोव्यात तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात पुढच्या पिढ्यांसाठी वेगळा कायमस्वरूपी निधी ठेवण्याचे सांगितले. रस्ते, सभागृहे आणि कमानी यांसाठी मागणी करणारे पुष्कळ असतात. शेतातली माती पुन्हा जिवंत करण्यासाठी मागणी करणारे आम्हांला क्वचितच दिसले.

गावाने तीन गोष्टी मागाव्यात. ढिगाऱ्यांच्या पायथ्याला भिंत, गाळ अडवणारे खड्डे आणि उतारावर झाडोरा आहे की नाही, याची पाहणी दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, ग्रामस्थांसमक्ष व्हावी. गाळ आलेल्या प्रत्येक शेताची माती खनिज निधीतून तपासावी आणि त्यात सेंद्रिय कर्बाबरोबर जिवाणूंची तपासणीही असावी. विद्यापीठांच्या आणि कृषी संस्थांच्या प्रयोगशाळांत ती होऊ शकते. आणि भरपाई ठरवताना बुडालेल्या पिकाच्या किमतीबरोबर जमीन पूर्ववत करण्याचा तीन-चार वर्षांचा खर्चही धरावा. अर्ज करताना तारखेचे फोटो, आधीची मृदा पत्रिका आणि नंतरची मृदा पत्रिका जोडावी. तोंडी तक्रारीपेक्षा दोन पत्रिकांमधला फरक जास्त बोलतो.

खनिज एकदाच काढता येते. ते काढून झाले की कंपनी जाते, ट्रक दुसऱ्या कामाला लागतात. शेत मात्र तिथेच राहते, आणि पुढे आपल्या मुला-नातवंडांना त्यातूनच खायचे असते. जमीन ही आपल्याकडे त्यांची अमानत आहे. तिच्यातली बरकत ज्यांच्यामुळे आहे ते कामकरी डोळ्यांना दिसत नाहीत आणि ग्रामसभेत येऊन तक्रारही करू शकत नाहीत. त्यांच्या वतीने शेतकऱ्यालाच बोलावे लागेल. ज्यांचे शेत खाणीच्या पायथ्याशी आहे त्यांनी यंदाचा मे महिना जाऊ देऊ नये. मातीचा नमुना काढावा आणि शेजाऱ्यालाही काढायला सांगावे.